हिरवं गाणं कुणाचं

द्वारका, रविवार, १४ सप्टेंबर

चि. रेवती,

तीन दिवस फोन करते आहे, तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर माझ्या मेसेजपुढे एकच टिक येते आणि तुझा फोटोही दिसेनासा झाला आहे. वैभवीला विचारलं तर म्हणाली, "काकू, आईने ब्लॉक केलंय. थोडे दिन रहने दो." सख्ख्या जावेला ब्लॉक करतात हे मला नवीनच कळलं. म्हणून कागद घेऊन बसले. तू नोएडाला, मी द्वारकेला, एकाच मेट्रोच्या दोन टोकांना आपण राहतो आणि मध्ये स्पीड पोस्ट. ते ऐकून हे हसले. मला काही हसू आलं नाही.

गुरुवारच्या तालमीतून तू चपला घालून निघून गेलीस, तेव्हा हॉलमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते. मी थोरली, माझ्या तोंडावर असं उठून जायचं? बरं, झालं काय एवढं? यंदा मंडळात नवरात्राच्या रोजच्या रंगाचं एक एक गाणं म्हणायचं, ही कल्पना तुझीच. महाराष्ट्रातल्या पेपरांत रंग जाहीर होतात, आपण ऑफिसला त्या त्या रंगाच्या साड्या नेसून जातो, मग आरतीनंतर त्या रंगाचं गाणं का नको, असं तू म्हणालीस. अंशुमन मंडळाचा सेक्रेटरी, त्याने अट घातली की गाण्याच्या नावातच रंग हवा, आणि गाणं असं गाजलेलं हवं की हॉलमधल्या निम्म्या लोकांना पाठ असेल. किती शोधाशोध केली आपण. गुलाबी थंडीची आणि गुलाबी गालांची ढीगभर सापडली. राखाडी रंगावर मराठी माणसाने एक गाणं लिहू नये? शेवटी अंशुमनच ‘राखाडी सफारी’ नावाचं ते जुनं विनोदी गाणं म्हणायला तयार झाला.

मग वाटणी झाली. पहिल्या दिवशी पांढरा, म्हणून ‘पांढऱ्या पाखरांची माळ’ तुला. उद्घाटनाचं गाणं आहे ते, मान आहे. पाचव्या दिवशी हिरवा, तेव्हा ‘हिरव्या काकणांची हाक’ मी म्हणायचं. हे कमिटीने ठरवलं, मी फक्त वाचून दाखवलं. तू विचारलंस, "वहिनी, माझं हिरवं का काढलं?" मी म्हणाले, "आता पांढरंच तुला शोभेल." बस, एवढंच. तू त्याचा कुठल्या कुठे अर्थ लावलास.

जयंतभाऊजींना जाऊन सात महिने झाले. तुझं मन हळवं झालं आहे, मी समजू शकते. पण मी कशी आहे हे तुला माहीत नाही का? चैत्रात माझ्याकडच्या हळदीकुंकवाला मी तुला मुद्दाम बोलावलं, सगळ्यांच्या आधी तुझ्या कपाळाला कुंकू लावलं. मंडळातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या त्या विजयालक्ष्मीताई, त्यांचा चेहरा तेव्हा कसा झाला होता आठव. त्यांच्यासारख्या बायकांच्या रांगेत तू मला नेऊन बसवलंस, हे मला फार लागलं.

तर रुसवा पुरे. सोमवारी, बावीस तारखेला, सहा वाजेपर्यंत करोल बागेला हॉलवर ये. शुभ्र पांढरं नको असेल तर तुझी ती मोतिया रंगाची साडी नेस. वाट बघते.

तुझी,
उत्तरावहिनी


द्वारका, शुक्रवार, १९ सप्टेंबर

चि. रेवती,

काल वैभवी येऊन गेली. मंडळाची पेटी तुझ्याकडे होती ती परत द्यायला, एवढं ओझं घेऊन एकटी ऑटोतून आली. मी तिच्या आवडीचं थालीपीठ लावलं. तिने ताटाला हातही लावला नाही. पेटी कोपऱ्यात ठेवली आणि उभ्याउभ्याच विचारलं, "काकू, कमिटीत हे कोणी ठरवलं?"

मी म्हणाले, "सगळ्यांनी मिळून."

"मी अंशुमनदादाशी बोलले. तो म्हणाला, मीटिंगच झाली नाही. गाणी तुम्ही वाटलीत. उसको तो लगा की आईनेच हिरवं नको म्हटलं असेल."

हे शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. पानाचा आवाज थांबला. मी म्हणाले, "अगं, कमिटी म्हणजे तरी कोण, आम्हीच ना." त्यावर वैभवी म्हणाली, "ये क्या बात हुई, काकू? तुम्हाला वाटलं तर तुम्ही तसं सांगायचं ना. कमिटी क्यों?" ती माझ्यासमोर वाढलेली मुलगी, तिला मी अक्षरं गिरवायला शिकवलं, आणि काल मी तिच्या नजरेला नजर देऊ शकले नाही.

तर ऐक. कमिटीने काही ठरवलं नाही. मी ठरवलं. मागच्या पत्रात खोटं लिहिलं.

पण का ठरवलं ते समजून घे. ते गाणं म्हणजे नव्या नवरीचं. कासारापुढे बसली आहे, एकेक काकण चढतं आहे, आणि प्रत्येक काकणागणिक ती धन्याला हाक मारते. तू ते म्हणायला उभी राहणार, हातात काय घालणार, काय नाही, आणि समोर त्या बायका डोळ्यांना पदर लावून बसणार, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं. तू दुसऱ्या कडव्यात थांबलीस तर? रडू फुटलं तर? मला वाटलं, कुणी तुझ्याकडे कीव करून बघण्याआधी आपणच वाट बदलावी. तुझ्या वतीने मी घाबरले, असं म्हण. तुला विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण तू "मी म्हणते" म्हणाली असतीस.

रविवारी पहिलं पत्र लिहायला बसले, तेव्हा मायन्यातच अडले होते. तीस वर्षं हात ‘चि. सौ.’ लिहायला सरावलेला. लिहिलं, मग तो कागद फाडला आणि नुसतं ‘चि.’ लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं मला फाडायला. खोलीत मी एकटी होते. मग कुंकू लावलं होतं ते कशासाठी, असं तू विचारशील. त्यानंतर महिनाभर ऑफिसात, मंडळात, फोनवर सगळ्यांनी माझं कौतुक केलं. "उत्तराताई, तुम्ही केलंत ते करायला छाती लागते." मला ते ऐकायला आवडायचं. हे लिहिताना कान गरम होताहेत.

राग धर, पण सोमवारी ये. पांढरं नको असेल तर दुसरा कुठलाही रंग घे. निळं घे. वैभवीला म्हणावं, थालीपीठ डब्यात भरून ठेवलं होतं, तेही नेलं नाही.

उत्तरावहिनी


द्वारका, मंगळवार, २३ सप्टेंबर

चि. रेवती,

आली नाहीस. साडेसातपर्यंत मी दाराशी उभी होते. आरती झाली, प्रसाद झाला, तरी अंशुमन थांबला. शेवटी त्याने ‘पांढऱ्या पाखरांची माळ’ मोबाइलवरून स्पीकरवर लावलं. लोकांनी टाळ्या तशाच वाजवल्या.

मी मागे उभी राहून बघत होते. हॉलभर पांढरं. साठेक बायका असतील, सगळ्या पांढऱ्या साड्यांत, कुणाचा काठ जरीचा, कुणाची चिकनकारी. विजयालक्ष्मीताई, ज्या दिवाळीला सुनेला पांढरा ड्रेस घालू देत नाहीत, त्यासुद्धा पांढऱ्या गडवाल साडीत. कुणाला अशुभ वाटलं नाही, कुणी नाक मुरडलं नाही. फोटो काढले, "क्या बात है, सब एक जैसे" म्हणाल्या. आम्ही सगळ्यांनी एक दिवस पांढरं नेसलं आणि दुसऱ्या दिवशी लाल नेसणार होतो. तुला मात्र मी पांढरं दिलं ते एका दिवसापुरतं नव्हतं. हे मला तिथे, त्या गर्दीत कळलं, आणि वाटलं की तू आली नाहीस तेच बरं झालं. तुला त्या साडीत तिथे उभी केली असती तर मी काय केलं असतं देव जाणे.

परतताना मेट्रोत बसायला जागा मिळाली. जनकपुरी गेलं तसे हे म्हणाले, "तुला ते गाणं हवं होतं."

मी म्हणाले, "कुठलं?"

"हिरवं. जयंतच्या लग्नानंतरच्या गणपतीत रेवतीने ते म्हटलं ना, तेव्हापासून हवं होतं तुला."

यांचं आपलं काहीतरीच. मी तिथेच म्हटलं, लोक ऐकताहेत, हळू बोला. हे म्हणाले, "मराठी कोणाला कळतंय इथे." आणि खिडकीबाहेर बघत बसले.

तो गणपती मला आठवतो. तू नुकतीच लग्न होऊन आली होतीस, दिल्लीत तुला रस्ता ओलांडता येत नव्हता, आणि स्टेजवर उभी राहिलीस तर माईक हातात धरून अशी गायलीस, जशी चार वर्षांची मुलगी घरात गुणगुणते. जयंतभाऊजी तबल्यावर होते. हसत होते. लोकांनी वन्स मोअर घेतला. त्या दिवसापासून दर गणपतीत, दर स्नेहसंमेलनात एकच फर्माईश, "रेवतीचं हिरवं." मी सांगलीला बाईंकडे आठ वर्षं गाणं शिकले. माझा सूर पक्का आहे, हे तूही म्हणायचीस. पण मला कुणी काही म्हणायला सांगितलं की "एखादं भजन होऊ दे" एवढंच सांगायचे. ते भजन संपेपर्यंत लोक चहाच्या दिशेने सरकलेले असायचे. आपण चहाचे कप धुताना तू म्हणायचीस, "वहिनी, तुमच्यासारखं मला कुठे येतं." ते तू मनापासून म्हणायचीस. म्हणून जास्त राग यायचा.

आता वाईट वाटणं निराळं आणि तुझ्यावर असा प्रसंग आलेला असताना असं करणं निराळं. एवढ्या संसारात यांना मी इतकीच कळले का? कालपासून त्यांच्याशी नीट बोललेले नाही.

शुक्रवारी हिरवं आहे. मी ते म्हणणार नाही असं अंशुमनला सांगणार आहे. किंवा तू ये आणि म्हण. मी पेटीवर बसेन.

उत्तरावहिनी


द्वारका, शनिवार, २७ सप्टेंबर

चि. रेवती,

काल सगळ्यांसमोर सांगितलं.

मी ठरवलंच होतं. ऑफिसमधून लवकर निघाले, करोल बागेत बांगड्यांच्या त्या गल्लीत गेले, आणि तिथून हॉलवर. आरती झाल्यावर अंशुमनने माझं नाव पुकारलं तेव्हा मी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "हे गाणं रेवतीचं आहे, तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. यंदा तिच्याकडून ते मी काढून घेतलं. कमिटीचं नाव पुढे केलं, पण निर्णय माझा होता. जयंतभाऊजी गेल्यानंतर हे गाणं म्हणताना तिला त्रास होऊ नये, असं मला वाटलं. मी तिला विचारलं नाही. ती दुखावली आहे. माझी चूक झाली."

वाटलं, आता कुणीतरी उठून बोलेल. "तुम्ही कोण ठरवणाऱ्या?" असं कुणीतरी विचारेल. अंशुमनची बायको क्षिप्रा आजकालची मुलगी आहे, ती तरी बोलेल. खरं सांगते, मला ते हवं होतं. चार शब्द ऐकून घेतले असते आणि हलकी झाले असते.

विजयालक्ष्मीताई पहिल्या रांगेतून म्हणाल्या, "अगं, चूक कसली? बरोबरच केलंस. कुणीतरी करायलाच हवं होतं, आम्हाला अवघड वाटत होतं." दोघीतिघींनी माना डोलावल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "किती विचार करता तुम्ही दुसऱ्याचा." आणि टाळ्या पडल्या, रेवती. मी चूक कबूल केली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. क्षिप्राने तर येऊन मला मिठी मारली. "बिल्कुल सही किया आपने, इतनी हिम्मत से बोलीं," म्हणाली.

ते ऐकून मी तिथेच जमिनीत गेले असते तर बरं. पण सांगितलं, हे खरं. तुझ्या कानावर कुणाकडून काही गेलं तर मी सांगितलं होतं एवढं लक्षात ठेव. बाकी कार्यक्रम बरा झाला. विशेष लिहिण्यासारखं काही नाही.

यांना थोडा खोकला झाला आहे. वैभवीला म्हणावं, काकांना फोन करत जा.

उत्तरावहिनी


द्वारका, शुक्रवार, ३ ऑक्टोबर

रेवती,

मागच्या पत्रात लिहिलं, विशेष काही नाही. विशेष होतं. त्या टाळ्यांनंतर विजयालक्ष्मीताई म्हणाल्या, "आता म्हण, उत्तरा." आणि मी गायले. बांगड्यांच्या गल्लीत मी वाट वाकडी करून गेले होते ती हिरवा चुडा भरायला. दुकानदाराला म्हटलं, "भैया, पूरे भर दो." हॉलवर पोचले तेव्हा मनगटापासून अर्ध्या हातापर्यंत काकणं होती, हिरवी साडी होती, आणि मनाशी म्हणत होते की मी फक्त चूक कबूल करायला चालले आहे.

गायले, आणि चांगलं गायले. आयुष्यात इतकं चांगलं गायले नव्हते. वन्स मोअर आला. मी परत गायले.

हे तुला कळणारच होतं, मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ पडला. तरी मी लिहिलं नाही. व्हिडिओ नोएडापर्यंत पोचणार नाही, असं समजणाऱ्या बाईला काय म्हणावं?

काल दसऱ्याला वैभवी आली. मला वाटलं नव्हतं येईल. दर वर्षी तुम्ही तिघं यायचात. इथे आपटा मिळत नाही म्हणून जयंतभाऊजी कॉलनीतल्या कांचनाराची पानं तोडून आणायचे आणि "वहिनी, दिल्लीचं सोनं आहे, चौदा कॅरेट, चालवून घ्या" म्हणायचे. काल वैभवीने तीच पानं आणली. आधी काकांच्या हातावर ठेवली, मग माझ्या, आणि दोघांच्या पाया पडली. यांनी तिला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

मग ती म्हणाली, "काकू, आईने तुमचा व्हिडिओ पाहिला. मी तर बंद करणार होते. ती म्हणाली, थांब. पूर्ण पाहिला. फिर से लगवाया."

मी विचारलं, "काय म्हणाली?"

"म्हणाली, वहिनी छान गायल्या. दुसऱ्या कडव्यात मी नेहमी घाई करते, त्यांनी नाही केली. बस. मग मशीनमधले कपडे काढून वाळत घालायला गेली."

रेवती, तुझं ते ‘तुमच्यासारखं मला कुठे येतं’ मला कधी पुरलं नाही. तू माझं ते गाणं ऐकावंस आणि छान म्हणावंस, एवढं मला इतकी वर्षं हवं होतं. आणि तू म्हणालीस. घाई केली नाही हे त्या अख्ख्या हॉलमध्ये कुणाच्या लक्षात आलं नाही, तुझ्या आलं. वैभवी समोर उभी होती आणि मी पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. तिथे ओट्याला धरून उभी राहिले.

आता जे हॉलमध्ये सांगितलं नाही ते लिहिते. तिथे मी म्हणाले, तिला त्रास होऊ नये म्हणून केलं. असं म्हटल्यावर लोक टाळ्या वाजवणार नाहीत तर काय करणार? मी वाक्यच तसं केलं होतं. हे मेट्रोत म्हणाले ते खरं होतं, पण यांनाही पूर्ण माहीत नव्हतं.

भाऊजींच्या तेराव्याला तुझ्या घरी माणसं जमली होती. गावाहून आलेल्या मामी तुझ्या हातांकडे बघून काही बोलायला लागल्या, तेव्हा मी त्यांना गप्प केलं. "आमच्याकडे असलं काही नाही," म्हणाले. तू उठून माझ्यामागे आतल्या खोलीत आलीस. म्हणालीस, "वहिनी, मला कुणी सांगितलं नाही. पण ही काचेची वाजतात सारखी. आवाज सहन होत नाही. काही दिवस ठेवा कुठेतरी." एकेक काकण तू स्वतः उतरवलंस आणि माझ्या ओंजळीत दिलंस, आणि बाहेर जाऊन बसलीस. मी ती रुमालात बांधली. तुझं कपाट उघडून साड्यांच्या मागे ठेवली. आणि कपाट लावताना माझ्या मनात आलं, आता रेवती हिरवं गाणं म्हणणार नाही. मग ते कोण म्हणेल?

एवढंच आलं असतं तर मी त्याला मनाचा खेळ म्हटलं असतं. पण मी त्या गाण्याची पहिली ओळ गुणगुणले. तुझ्या खोलीत, भाऊजींचे कपडे अजून खुंटीवर होते तिथे. बाहेर भटजी काही सांगत होते, हे रडत होते. मी सूर लावून पाहिला, माझ्या पट्टीत बसतो का. आणि बसला, याचा मला आनंद झाला.

नंतर चैत्रात कुंकू लावलं, ते याच्यावर पांघरूण होतं. कमिटी पांघरूण होती. तुझी काळजी, तेही. सगळी पांघरुणं मी स्वतः विणली, आणि ज्याने त्याने ती चांगली आहेत म्हणून सांगितलं.

काल वैभवी गेल्यावर मी हे यांना सांगितलं. यांचा धाकटा भाऊ गेला होता, त्याच्या तेराव्याचं सांगत होते. हे म्हणाले, "हे मला सांगून काय उपयोग? जिचं आहे तिला सांग." आज सकाळी त्यांनी स्वतःचा चहा स्वतः करून घेतला आणि गॅलरीत नेऊन प्यायला. माझा कप रिकामा ठेवलेला होता.

मी क्षमा मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, आणि मग मी ती घेऊन चारचौघांत मिरवेन. माझाही स्वभाव मला आता ठाऊक झाला आहे. मंडळात मी पुन्हा गाणार नाही, हेही लिहून काढलं होतं, ते खोडलं. त्यातही कुणीतरी त्याग शोधून काढेल.

एकच मागते. निघताना वैभवी दारात म्हणाली, "काकू, मैंने आई को बोला, काकू थोड़ी पुरानी सोच की हैं, पण मनाने वाईट नाहीत. सोमवारी कोजागिरीला येऊ ना तुमच्याकडे? आई म्हणाली, तुझं तू ठरव." मी "ये" म्हणून बसले. मला तेव्हा तिला थांबवायला हवं होतं, ते जमलं नाही. माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली पोर.

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. हे उद्या मेट्रोने येऊन तुझ्या हातात देतील. मी पाकीट उघडं ठेवलं आहे, त्यांना वाचायचं असेल तर वाचू दे. तुझं वाचून झालं की वैभवीला दे. ज्यांच्या तेराव्याला मी गुणगुणले, ते तिचे वडील होते. जुन्या वळणाच्या काकूला ती माफ करेल, केलंच आहे तिने. म्हणून तिने हे वाचायला हवं, आणि मग सोमवारी माझ्या घरी यायचं की नाही ते ठरवायला हवं.

उत्तरा